ऑडिओफाइल पॉवर केबल

ऑडिओफाइल पॉवर केबल म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, सीडी प्लेयर किंवा डिजिटल-अ‍ॅनलॉग परिवर्तक यांसारख्या घरगुती ध्वनिउपकरणांसोबत मिळणाऱ्या साध्या वीजकेबलऐवजी वापरण्यासाठी स्वतंत्रपणे विकली जाणारी केबल होय. अशी केबल जोडल्यास संगीत अधिक स्पष्ट ऐकू येते, मंद्र स्वरांना भरीवपणा येतो आणि वाद्यांमधील शांतता अधिक गडद भासते, असा दावा उत्पादक आणि काही ध्वनिप्रेमी करतात. या केबलची किंमत काही हजार रुपयांपासून काही लाख रुपयांपर्यंत असते.

योग्य क्षमतेची, सुस्थितीतील आणि व्यवस्थित भूसंपर्कित केबल आधीच जोडलेली असेल, तर ती बदलल्याने ध्वनीत ऐकू येण्याजोगा फरक पडतो हे नियंत्रित श्रवणचाचण्यांतून सिद्ध झालेले नाही. उपकरणातील विद्युतपुरवठा मंडलाची रचना पाहता तसा फरक सर्वसाधारणपणे अपेक्षितही नाही. मात्र सदोष भूसंपर्कन, सैल जोडणी, विद्युतचुंबकीय व्यत्यय यांसारखे वीजपुरवठ्याशी संबंधित काही दोष खरोखर ऐकू येतात. त्यांची कारणे आणि उपाय वेगळे असल्याने या विषयात दोन्ही गोष्टींची गल्लत होण्याची शक्यता असते.

पार्श्वभूमी

ध्वनिउपकरणांसाठी खास केबल विकण्याचा व्यवसाय १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात वाढीस लागला. तोपर्यंत स्पीकर जोडण्यासाठी साधी दुपदरी वायर वापरली जात असे. १९७९ मध्ये नोएल ली यांनी अमेरिकेत 'मॉन्स्टर केबल' ही कंपनी स्थापन केली आणि जाड स्पीकर केबल हे स्वतंत्र उत्पादन म्हणून लोकप्रिय केले. पुढे उपकरणांना परस्परांशी जोडणाऱ्या सिग्नल केबल आणि त्यानंतर वीजकेबल याही या बाजारात आल्या.

वीजकेबल बदलणे शक्य झाले ते उपकरणाच्या मागील बाजूस बसवल्या जाणाऱ्या प्रमाणित खाचेमुळे. आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाच्या आयईसी ६०३२० या मानकात अशा जोडण्यांचे प्रकार ठरवून दिले आहेत. संगणक आणि अ‍ॅम्प्लिफायर यांना सर्रास जोडला जाणारा सी-१३ प्रकार १० अँपिअरसाठी, तर मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरवरील सी-१९ प्रकार १६ अँपिअरसाठी असतो. लहान उपकरणांवर दिसणाऱ्या, इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या सी-७ प्रकाराची क्षमता २.५ अँपिअर असून त्यात भूसंपर्काची तार नसते.

रचना आणि उत्पादकांचे दावे

साध्या वीजकेबलमध्ये तांब्याच्या बारीक तारांचे तीन वाहक, त्यांवर पीव्हीसीचे आवरण आणि दोन टोकांना साचेबंद प्लग असतात. महाग केबलमध्ये पुढीलपैकी एक किंवा अनेक वैशिष्ट्ये आढळतात :

- अधिक जाडीचे वाहक;
- ऑक्सिजनरहित तांबे, चांदी किंवा चांदीचा मुलामा दिलेले तांबे;
- वाहकांना दिलेला विशिष्ट पीळ किंवा वेणीसारखी गुंफण;
- धातूच्या जाळीचे किंवा पत्र्याचे कवच;
- फेराइटचे मणी किंवा अन्य गाळणी;
- सोने अथवा ऱ्होडियमचा मुलामा दिलेल्या पिना;
- अतिशीत प्रक्रिया, म्हणजे द्रव नायट्रोजनच्या साहाय्याने केबल अत्यंत कमी तापमानापर्यंत थंड करणे.

यांखेरीज केबल 'मुरण्यासाठी' ती शेकडो तास वापरावी लागते, किंवा तिला ठरावीक दिशा असते, असेही सांगितले जाते. घरगुती वीज प्रत्यावर्ती स्वरूपाची असल्याने ५० हर्ट्झ वारंवारतेला धारेची दिशा सेकंदाला १०० वेळा बदलते. त्यामुळे वाहकाच्या दिशेला अर्थ उरत नाही. कवच एकाच टोकाला जोडलेले असल्यास ते टोक कोणते हे दर्शवण्यापुरताच बाणाच्या खुणेचा उपयोग असू शकतो.

विद्युतपुरवठा मंडलाचे कार्य

सिग्नल केबलमधून संगीताचा सिग्नल वाहतो. वीजकेबलमधून तो वाहत नाही. वीजकेबल फक्त ऊर्जा पुरवते आणि त्या ऊर्जेचे उपकरणात अनेक टप्प्यांत रूपांतर होते. पारंपरिक रचनेत प्रथम रोहित्र म्हणजेच ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचे विद्युतदाब आवश्यक पातळीवर आणतो. त्यानंतर रेक्टिफायर प्रत्यावर्ती धारेचे एकाच दिशेच्या धारेत रूपांतर करतो. पुढे मोठ्या क्षमतेचे कपॅसिटर ऊर्जेचा साठा करून दाबातील चढउतार कमी करतात. ध्वनिसिग्नलचे नाजूक टप्पे बहुधा यापुढील व्होल्टेज रेग्युलेटरवर चालतात.

कपॅसिटर सतत भरले जात नाहीत. तरंगाच्या शिखराजवळ, सेकंदाला १०० वेळा, ते थोड्या काळासाठी भरले जातात आणि मधल्या वेळात साठ्यातून विद्युतधारा पुरवतात. त्यामुळे तबल्याच्या थापेसारखा आकस्मिक मोठा आवाज निर्माण होताना लागणारी ऊर्जा प्रथम या साठ्यातून येते.

अलीकडच्या अनेक उपकरणांत स्विच-मोड पद्धतीचा पुरवठा असतो. त्यात वीज आधी एकदिश केली जाते आणि नंतर दहा हजार ते लाखो हर्ट्झ वारंवारतेने खंडित करून लहान रोहित्रातून नेली जाते. अशा पुरवठ्याच्या प्रवेशद्वाराशी विद्युतचुंबकीय व्यत्यय रोखणारी गाळणी बसवलेली असते, आणि निर्गम दाब प्रतिपोषणाद्वारे स्थिर ठेवला जातो.

पुरवठ्यातील उरलासुरला चढउतार ध्वनिसिग्नलमध्ये किती उतरतो, हे पुरवठा-निरसन गुणोत्तरावरून ठरते. प्रचलित ऑपरेशनल अ‍ॅम्प्लिफायरमध्ये कमी वारंवारतांना हे गुणोत्तर साधारणतः ८० ते १०० डेसिबल असते. म्हणजे पुरवठ्यातील बदलाचा दहा हजारावा ते एक लाखावा भागच सिग्नलपर्यंत पोहोचतो. पॉवर अ‍ॅम्प्लिफायरच्या अंतिम टप्प्याला बहुधा रेग्युलेटर नसतो, परंतु तेथे ऋण प्रतिपोषण हेच काम करते.

वाहकाच्या गुणधर्मांचा परिणाम

रोध

तांब्याची रोधकता सुमारे १.७२ × १०⁻⁸ ओहम-मीटर आहे. वीज जाऊन परत येत असल्याने २ मीटर लांबीच्या केबलमध्ये वाहकाची एकूण लांबी ४ मीटर होते. त्यावरून पुढील तुलना करता येते :

- ०.७५ चौरस मिलिमीटर वाहकाची साधी केबल : सुमारे ०.०९ ओहम;
- ४ चौरस मिलिमीटर वाहकाची जाड केबल : सुमारे ०.०१७ ओहम;
- वितरणफलकापासून सॉकेटपर्यंत २० मीटर अंतरावर टाकलेली १.५ चौरस मिलिमीटरची घरातील वायर : सुमारे ०.४६ ओहम.

उपकरण १ अँपिअर विद्युतधारा घेत असल्यास साध्या केबलमध्ये सुमारे ०.०९ व्होल्ट, म्हणजे २३० व्होल्टच्या ०.०४ टक्के दाब खर्ची पडतो. जाड केबल वापरल्यास त्यातील सुमारे ०.०७ व्होल्ट वाचतो. घरातील दाब दिवसभरात यापेक्षा कितीतरी अधिक, काही व्होल्टने, कमीजास्त होत असतो. कपॅसिटर भरतानाची क्षणिक धारा सरासरीच्या कितीतरी पट असल्याने त्या क्षणी घट अधिक असते. परंतु तीच धारा घरातील वायर आणि रोहित्राची वेटोळी यांतूनही वाहत असल्याने एकूण घटीत केबलचा वाटा लहानच राहतो.

केबलच्या बाजूने अनेकदा असा युक्तिवाद केला जातो की, वीजनिर्मिती केंद्रापासून मोजल्यास ती शेवटचे दोन मीटर असली, तरी उपकरणाच्या दृष्टीने ती पहिले दोन मीटर असते. एकसर मंडलात मात्र रोधांची केवळ बेरीज होते. त्यांचा क्रम बदलल्याने एकूण रोध बदलत नाही. उच्च वारंवारतेच्या व्यत्ययाच्या बाबतीत उपकरणाजवळच्या केबलला काहीसे महत्त्व असू शकते. त्यासाठीच उपकरणाच्या प्रवेशद्वाराशी गाळणी दिलेली असते.

धातू

चांदीची रोधकता तांब्यापेक्षा सुमारे ५ ते ६ टक्क्यांनी कमी असते. ऑक्सिजनरहित तांबे आणि विद्युतकामासाठी वापरले जाणारे नेहमीचे तांबे यांच्या वाहकतेत जेमतेम १ टक्क्याचा फरक असतो. साध्या तांब्याची किंचित जाड वायर घेऊनही हा फरक भरून निघतो.

त्वचा परिणाम

प्रत्यावर्ती धारा वाहकाच्या पृष्ठभागाजवळून वाहू लागते, याला त्वचा परिणाम म्हणतात. ५० हर्ट्झला तांब्यातील त्वचा-खोली सुमारे ९ मिलिमीटर असते. ४ चौरस मिलिमीटरच्या वाहकाचा व्यास सव्वादोन मिलिमीटरच असल्याने ५० हर्ट्झची धारा वाहकाच्या संपूर्ण छेदातून वाहते. त्यामुळे हा परिणाम टाळण्यासाठी केलेल्या रचनेचा वीजवहनात उपयोग होत नाही.

कवच आणि पीळ

केबलचे कवच आणि वाहकांचा पीळ यांचा परिणाम मोजता येतो. वाहकांना पीळ दिल्याने केबलभोवतीचे चुंबकीय क्षेत्र घटते, तर धातूचे कवच विद्युत क्षेत्र अडवते. वीजकेबल टर्नटेबल किंवा मायक्रोफोनच्या केबलला चिकटून गेली असेल, तर याने गुणगुण कमी होऊ शकते. दोन्ही केबलमध्ये थोडे अंतर ठेवल्यास किंवा त्या एकमेकींना काटकोनात ओलांडतील अशी मांडणी केल्यासही तोच लाभ विनामूल्य मिळतो.

भूसंपर्क तारेचा रोध

साध्या वीजकेबलवर ध्वनी अवलंबून असू शकतो अशी एक परिस्थिती अभियंत्यांना परिचित आहे. भूसंपर्क असलेली दोन उपकरणे आरसीए जोडणीच्या असंतुलित केबलने जोडली, की त्यांच्यात भूसंपर्क वर्तुळ म्हणजे ग्राउंड लूप तयार होतो. दोन्ही ठिकाणच्या भूसंपर्क विभवांत फरक असल्यास सिग्नल केबलच्या कवचातून धारा वाहते आणि ५० हर्ट्झ व तिच्या पटीतील वारंवारतांची गुणगुण ऐकू येते. वीजकेबलमधील भूसंपर्क तारेचा रोध कमी असल्यास या गुणगुणीत थोडा बदल होऊ शकतो. तथापि दोन्ही उपकरणे एकाच एक्स्टेंशन बोर्डवर जोडणे, संतुलित जोडणी वापरणे किंवा सिग्नल मार्गात विलगीकरण रोहित्र बसवणे हे याहून प्रभावी उपाय आहेत. कवचाची जोडणी उपकरणात कोठे करावी या प्रश्नाचे विवेचन नील मन्सी यांनी १९९५ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात केले. पुढे त्या संस्थेने याच विषयावर एईएस ४८ हे मानक प्रसिद्ध केले.

श्रवणचाचण्या

अंध चाचणीची आवश्यकता

मनुष्याचे ऐकणे केवळ कानांवर अवलंबून नसते. हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड यांनी १९७६ मध्ये दाखवून दिले की, 'बा' हा ध्वनी ऐकवताना 'गा' म्हणणारे ओठ दाखवल्यास अनेकांना 'दा' ऐकू येते. १९९४ मध्ये फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी तेच स्पीकर श्रोत्यांना एकदा दिसतील असे आणि एकदा पडद्यामागे ठेवून ऐकवले. स्पीकर दिसत असताना श्रोत्यांनी दिलेले गुण बदलले, आणि ध्वनीतील प्रत्यक्ष फरकांना त्यांचा प्रतिसादही कमी झाला.

आवाजाच्या पातळीतील अत्यल्प फरक श्रोत्याला पातळीचा न वाटता दर्जाचा वाटू शकतो. ध्वनीच्या सूक्ष्म तपशिलांची स्मृतीही अल्पकाळच टिकते. वीजकेबल बदलण्यासाठी उपकरण बंद करावे लागत असल्याने घरी केलेल्या तुलनेत दोन श्रवणांमध्ये बराच वेळ जातो. नवी केबल जोडताना सैल झालेला प्लग घट्ट बसणे किंवा पिनांवरील काळिमा घासून निघणे हेही घडू शकते. अशा वेळी झालेली सुधारणा खरी असते, परंतु तिचे श्रेय नव्या केबलला देणे चुकीचे ठरते.

एबीएक्स पद्धत

एबीएक्स चाचणीत श्रोत्याला 'अ' आणि 'ब' हे दोन ज्ञात पर्याय ऐकवले जातात आणि नंतर यादृच्छिकपणे निवडलेला 'क्ष' यांपैकी कोणता हे ओळखायला सांगितले जाते. बेल प्रयोगशाळेतील मन्सन आणि गार्डनर यांनी १९५० मध्ये या नावाची श्रवणचाचणी मांडली. १९८२ मध्ये डेव्हिड क्लार्क यांनी दुहेरी अंध तुलनेसाठीच्या उपकरणाचे वर्णन प्रसिद्ध केले. दुहेरी अंध चाचणीत उत्तर कोणते याची कल्पना श्रोत्याला नसते आणि चाचणी घेणाऱ्यालाही नसते.

निव्वळ अंदाजाने १० पैकी १० उत्तरे बरोबर येण्याची शक्यता १,०२४ मध्ये १ असते, तर १० पैकी ८ किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता सुमारे ५.५ टक्के असते. म्हणजे १८ जणांनी केवळ अंदाज बांधला, तरी त्यांतील एखाद्याला असे यश मिळणे स्वाभाविक आहे. त्यामुळे एका श्रोत्याच्या एका यशस्वी फेरीवरून निष्कर्ष काढता येत नाही.

वीजकेबलवरील चाचणी

२००४ मध्ये अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को परिसरातील ध्वनिप्रेमींच्या संघटनेने सुमारे अडीच हजार डॉलर किमतीची वीजकेबल आणि साधी वीजकेबल यांची अंध तुलना केली. या चाचणीत सहभागी झालेले श्रोते केबलविरोधक नसून स्वतः अनुभवी ध्वनिप्रेमी होते. एकूण १४९ उत्तरांपैकी ७३ म्हणजे ४९ टक्के उत्तरे बरोबर आली. नाणेफेक करून उत्तरे दिली असती, तरी सरासरी इतकेच यश मिळाले असते.

मापन

आधुनिक ध्वनिविश्लेषक उपकरणे सिग्नलच्या एक लाखाव्या भागाहून लहान विकृती आणि गोंगाट मोजू शकतात. अ‍ॅम्प्लिफायरच्या निर्गम टोकाशी दोन्ही केबलसह मिळणारे सिग्नल नोंदवून एकमेकांतून वजा करणे, ही तुलनेची आणखी एक पद्धत आहे. या पद्धतीत श्रोत्याच्या स्मृतीवर किंवा अपेक्षेवर अवलंबून राहावे लागत नाही. वीजकेबलचा ध्वनीवरील परिणाम तपासताना मोजमाप सॉकेटजवळ न करता उपकरणाच्या निर्गम टोकाशी करणे आवश्यक असते, कारण सॉकेटजवळ दिसणारा गोंगाट पुरवठा मंडलात मोठ्या प्रमाणात नाहीसा होतो.

मतभेद

अंध चाचण्यांवर काही ध्वनिप्रेमी आणि समीक्षक आक्षेप घेतात. अनोळखी खोलीत, अपरिचित संचावर आणि परीक्षेच्या दडपणाखाली सूक्ष्म फरक निसटतात. फरक कळण्यास अनेक दिवसांचे श्रवण लागते. तसेच फरक न आढळणे हा तो नसल्याचा पुरावा नव्हे, असे त्यांचे म्हणणे आहे. यांपैकी शेवटचा मुद्दा तर्कदृष्ट्या योग्य आहे. मर्यादित चाचणीवरून एवढेच म्हणता येते की, त्या श्रोत्यांना त्या परिस्थितीत फरक ओळखता आला नाही. त्यावर टीकाकारांचे उत्तर असे की, जाहिरातींत सूक्ष्म नव्हे तर चटकन जाणवणाऱ्या फरकाचे वर्णन केलेले असते, आणि तेवढा मोठा फरक अंध चाचणीत नाहीसा होण्याचे कारण नाही. दीर्घकालीन श्रवणही केबल झाकून करता येते.

अमेरिकेतील 'द ऑडिओ क्रिटिक' या नियतकालिकाचे संपादक पीटर एक्झेल यांनी २००० मध्ये ध्वनिक्षेत्रातील दहा मोठ्या असत्यांची यादी प्रसिद्ध केली. तीत केबलविषयक आणि वीजशुद्धीकरणविषयक दाव्यांचा समावेश होता. २००७ मध्ये जादूगार आणि संशयवादी जेम्स रँडी यांनी महाग स्पीकर केबल अंध चाचणीत ओळखून दाखवणाऱ्यास दहा लाख डॉलरचे पारितोषिक देऊ केले होते. ती चाचणी प्रत्यक्षात झाली नाही.

ब्रिटनच्या जाहिरात मानक प्राधिकरणाने वीजकेबलमुळे ध्वनी सुधारतो अशा आशयाच्या दाव्यांविरुद्धच्या तक्रारी पुराव्याअभावी मान्य केल्या आहेत. भारतात ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या दिलेली असून अशा जाहिरातींवर कारवाई करण्याचे अधिकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला आहेत.

वीजपुरवठ्यातील खरे दोष आणि उपाय

पुढील दोष ऐकू येऊ शकतात आणि महाग केबलखेरीज अन्य मार्गांनी दूर होतात :

- स्पीकरमधून सतत गुणगुण : बहुधा ग्राउंड लूप, सर्व उपकरणे एकाच बोर्डवर जोडणे किंवा सिग्नल मार्गात विलगीकरण रोहित्र बसवणे.
- उपकरणाच्या पेटीतूनच गुणगुण : रोहित्राचे यांत्रिक कंपन. विजेत एकदिश दाबाचा अंश मिसळल्यास वर्तुळाकार रोहित्रांत ते वाढते. चौकोनी तरंग देणाऱ्या स्वस्त इन्व्हर्टरवरही ते जाणवते.
- पंखा, फ्रीज किंवा दिवा सुरू करताना टकटक : स्विचमधील ठिणगी; गाळणी असलेला एक्स्टेंशन बोर्ड किंवा दोष असलेले उपकरण दुरुस्त करणे.
- मधूनमधून आवाज खंडित होणे : सैल सॉकेट किंवा झिजलेला प्लग, ते बदलणे.
- दाबातील मोठे चढउतार : योग्य क्षमतेचा स्टॅबिलायझर.

सुरक्षितता

भारतात प्लग आणि सॉकेट यांसाठी आयएस १२९३, पीव्हीसी आवरणाच्या केबलसाठी आयएस ६९४ आणि भूसंपर्कनासाठी आयएस ३०४३ ही मानके आहेत. घरगुती वापरातील गोल पिनांचे प्लग ६ आणि १६ अँपिअर क्षमतेचे असतात.

परदेशातून आणलेल्या केबलबाबत विशेष दक्षता आवश्यक असते. अमेरिकी पद्धतीच्या चपट्या पिनांच्या १५ अँपिअर प्लगची दाबक्षमता १२५ व्होल्ट असल्याने तो भारतातील २३० व्होल्ट पुरवठ्यासाठी योग्य नाही. युरोपातील शुको प्लगचा भूसंपर्क त्याच्या कडांवर असतो. असा प्लग साध्या अडॅप्टरमधून लावल्यास भूसंपर्क तुटू शकतो आणि उपकरणात बिघाड झाल्यावर धातूची पेटी जिवंत होण्याचा धोका निर्माण होतो.

गुणगुण घालवण्यासाठी प्लगमधील भूसंपर्काची पिन काढून टाकण्याचा उपाय काही वेळा सुचवला जातो. त्याने गुणगुण थांबली, तरी विजेच्या धक्क्यापासूनचे संरक्षणही नाहीसे होते. हा प्राणघातक ठरू शकणारा उपाय कोणत्याही परिस्थितीत करू नये. वीजकेबल बदलण्याची निश्चित गरज ती कापली गेली असल्यास, वापरात गरम होत असल्यास, तिचा प्लग सैल बसत असल्यास किंवा तिची क्षमता उपकरणाला अपुरी असल्यास उद्भवते. अशा वेळी योग्य क्षमतेची प्रमाणित केबल पुरेशी असते.

हे सुद्धा पहा

- दुहेरी अंध चाचणी
- प्लासिबो परिणाम
- भूसंपर्कन
- रोहित्र
- विद्युतचुंबकीय व्यत्यय